महामारी आणि वसतिगृह-प्रवेशाची 'मागणी' : जोयडा तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

कोविड-१९ च्या साथीनंतर शिक्षणविषयक मराठी आणि इंग्रजी लेखनात दोन विधाने वारंवार वाचावयास मिळतात. पहिले असे की, साथीच्या भीतीने पालकांनी मुलांना घराजवळ ठेवणे पसंत केले आणि त्यामुळे निवासी शाळांच्या प्रवेशाची मागणी घटली. दुसरे विधान नेमके उलट आहे. घरातील कोंडी, मोबाईलचे वेड आणि ऑनलाईन शिक्षणाचा कंटाळा यांमुळे २०२२ नंतर ही मागणी वाढली, असे ते सांगते. दोन्ही विधानांच्या पाठीशी काही अनुभव आहे, परंतु तो बहुतांशी पाचगणी, देहरादून, उटी किंवा बंगळूरच्या परिसरातील शुल्क आकारणाऱ्या शाळांचा आहे. तेथे पालक माहितीपत्रके मागवितात, दोन-तीन शाळा पाहतात, तुलना करतात आणि मग निर्णय घेतात. या व्यवहाराला 'मागणी' म्हणणे योग्यच आहे. प्रश्न असा की, हाच शब्द उचलून तो उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यासारख्या प्रदेशाला लावता येतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

जोयडा हा जुना सुपा तालुका. काळी नदीवर सुपा धरण झाले, मूळ सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. विस्थापितांची मोठी वसाहत रामनगरला झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५२ हजार, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. ती मात्र पश्चिम घाटाच्या माथ्यावरील विस्तीर्ण अरण्यात वाडी-वाडीने विखुरलेली आहे. तालुक्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा त्याच्या कडेला येतो. २००७ मध्ये दांडेली-अणशी या नावाने घोषित झालेल्या या प्रकल्पाचे २०१५ मध्ये नामांतर झाले. कुणबी, मराठा, गौळी, सिद्दी, देसाई अशा अनेक समाजांची ही वस्ती आहे. घरात कोकणी किंवा मराठी, बाजारात कोकणी-मराठी-कन्नड-उर्दू यांची सरमिसळ आणि शासकीय कागदावर कन्नड, असा येथील भाषाव्यवहार आहे.

अशा प्रदेशात वसतिगृहाचा अर्थच वेगळा होतो. वाडीवरच्या प्राथमिक शाळेत पाचवी-सातवीपर्यंत शिकलेल्या मुलाला पुढे शिकावयाचे असेल तर रोज कित्येक किलोमीटर रानातून चालावे लागते किंवा वायव्य कर्नाटक परिवहनच्या एखाद-दुसऱ्या बसवर अवलंबून राहावे लागते. शाळा सुरू होण्याचा महिना जून, आणि घाटातला पाऊसही जूनमध्येच उतरतो. ओढ्यावरचा साकव गेला की वाडी तुटते. वाटेत गवा, अस्वल यांची भीती असते, ती वेगळीच. म्हणून येथील पालक जेव्हा मुलाला जोयडा, रामनगर, हल्याळ, दांडेली किंवा कारवारच्या वसतिगृहात ठेवतो, तेव्हा तो रस्त्याची, पुलाची आणि बसची उणीव भरून काढत असतो. 'उत्तम शिक्षणाची निवड' हा शब्दप्रयोग त्याच्या निर्णयाला लावणे म्हणजे शहरी अर्थशास्त्राचा सदरा खेडुताच्या अंगात बळेच घालणे होय. ज्या वस्तूला पर्याय नाही, तिच्या मागणीतील चढउतार मोजण्याआधी ती वस्तू उपलब्ध होती काय, हे पाहावे लागते. प्रचलित लेखनात नेमके हेच पाहिले गेलेले नाही.

मोजमापाची साधने

साथीच्या काळातील शालेय प्रवेशांविषयी जे काही ठामपणे बोलले जाते, त्याचा मुख्य आधार 'असर' पाहणीचे अहवाल हा आहे. या अहवालांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील मुलांपैकी सरकारी शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मधील ६५.६ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ७०.३ टक्के आणि २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाले, हे याच पाहणीने दाखविले. खाजगी शाळांचे शुल्क न परवडणे, छोट्या खाजगी शाळा बंद पडणे आणि गावाकडे परतणे ही कारणे त्यामागे होती. या आकड्यांवरून २०२१-२२ मध्ये अनेकांनी असे भाकीत केले की, खाजगी आणि दूरच्या शाळांचा ओढा आता कायमचा ओसरला. २०२४ च्या अहवालात हे प्रमाण पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. म्हणजे जो बदल कायमचा मानला गेला, तो दोन वर्षांत जवळजवळ पूर्वपदावर आला. संकटातील तडजोडीला स्थायी पसंती समजण्याची चूक येथे झाली. ती ज्यांनी केली त्यांनी पुढे तिची दुरुस्ती केल्याचे क्वचितच दिसते.

परंतु जोयड्याच्या दृष्टीने याहून मूलभूत अडचण वेगळी आहे. 'असर' ही घरोघरची पाहणी आहे. जे मूल त्या घरात राहते, त्याची नोंद होते. वर्षातील दहा महिने वसतिगृहात राहणारे मूल या पद्धतीत सहजच निसटते. साथीच्या काळात तेच मूल घरी परतले होते, म्हणून ते एकाएकी 'दिसू' लागले असण्याची शक्यता आहे. परंतु २०२१ ची पाहणी प्रत्यक्ष भेटीने झालीच नाही. पूर्वी जमविलेल्या दूरध्वनी क्रमांकांवर संपर्क साधून ती करण्यात आली. ज्या वाडीत मोबाईलला रेंजच मिळत नाही, ती वाडी या पाहणीतून आपोआप बाहेर राहिली. त्याच पाहणीने घरी स्मार्टफोन असणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाल्याचे नोंदविले. हा आकडा सभा-संमेलनांतून फार उत्साहाने सांगितला गेला. फोनवरून विचारून फोनचे प्रमाण काढले की ते जरा चढेच निघणार, इतकी साधी शंका उपस्थित करणारे मात्र थोडेच होते.

याच्या तुलनेत ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत झालेली 'स्कूल' पाहणी अधिक सावध म्हणावी लागेल. ज्याँ द्रेझ आणि इतर अभ्यासकांच्या पुढाकाराने झालेल्या या पाहणीत वंचित वस्त्यांमधील सुमारे १,४०० मुलांची प्रत्यक्ष भेट घेण्यात आली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाईन शिकणारी मुले केवळ ८ टक्के, तर अजिबात न शिकणारी ३७ टक्के आढळली. कर्नाटकासह पाच राज्यांतील सरकारी शाळांमध्ये अझीम प्रेमजी विद्यापीठाने केलेल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, दुसरी ते सहावीच्या ९२ टक्के मुलांनी भाषेतील निदान एक पूर्वार्जित क्षमता गमावल्याचे दिसले. हे दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. मात्र यांतही 'मूल कोठे राहते' हा प्रश्न गौणच आहे. वसतिगृहात राहून शिकणारे मूल आणि घरून शाळेत जाणारे मूल यांची अध्ययनहानी सारखीच असेल, असे त्यांत मूकपणे गृहीत धरले गेले.

ती सारखी नव्हती, असे मानण्यास सबळ कारण आहे. घरून शाळेत जाणाऱ्या मुलाची शाळा बंद झाली तरी शिक्षक त्याच गावात वा शेजारच्या गावात होते. वसतिगृहातील मुलाची शाळा, शिक्षक, ग्रंथालय, वीज, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाची जागा ही सर्व एकाच दिवशी बंद झाली. मार्च २०२० च्या मध्यावर कर्नाटकातील शाळा बंद झाल्या आणि मुले पत्र्याच्या ट्रंका घेऊन घरी गेली. त्यानंतर नववी ते बारावीचे वर्ग २३ ऑगस्ट २०२१ पासून, सहावी ते आठवीचे ६ सप्टेंबरपासून आणि पहिली ते पाचवीचे २५ ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने भरू लागले. मध्यंतरी जानेवारी २०२१ मध्ये वरच्या वर्गांची दारे काही काळ उघडली होती. परंतु प्राथमिक वर्गातील मूल सलग दीड वर्षाहून अधिक काळ शाळेबाहेर होते.

'विद्यागम' आणि दोन हजेरीपटांमधले मूल

शाळा बंद असताना कर्नाटक शासनाने २०२० च्या पावसाळ्यात 'विद्यागम' हा कार्यक्रम सुरू केला. शिक्षकाने मुलांच्या वस्तीवर जावे, देवळाच्या ओसरीवर, समाजमंदिरात, झाडाखाली लहान गट करून शिकवावे, अशी त्याची कल्पना होती. संगणकाच्या पडद्यापेक्षा ती कितीतरी देशी आणि शहाणपणाची होती. जोयड्यासारख्या भागात तर तिच्याखेरीज दुसरे काही शक्यही नव्हते. मुलांमध्ये आणि शिक्षकांमध्ये संसर्ग वाढल्याच्या तक्रारींनंतर १० ऑक्टोबर २०२० रोजी कार्यक्रम थांबविण्यात आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो शाळेच्या आवारात, बदललेल्या स्वरूपात पुन्हा सुरू झाला.

या कार्यक्रमावर बरीच टीका झाली. ती मुख्यतः संसर्गाच्या अंगाने झाली. वसतिगृहाच्या अंगाने तिच्यात एक वेगळीच त्रुटी होती. मूल ज्या निवासी शाळेच्या पटावर होते ती शाळा दूर, आणि ज्या वाडीत ते दीड वर्ष राहिले तेथील शिक्षकाच्या पटावर त्याचे नाव नाही. शिक्षक भला असेल तर तो त्याला गटात बसवून घेणार. पण त्याचे पुस्तक वेगळे, कित्येकदा माध्यमही वेगळे. मराठी प्राथमिक शाळेतून बाहेर पडून कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत नुकतेच सहावीला गेलेले मूल नव्या भाषेत तीन-चार शब्द बोलू लागते तोच घरी परतले. दीड वर्ष त्या भाषेचा शब्दही कानावर पडला नाही. अशा मुलाने पुढे निवासी शाळेत परतण्यास नकार दिला, तर त्याची नोंद 'मागणीत घट' अशी करावयाची काय? ही मुले दोन हजेरीपटांच्या मधल्या फटीत पडली आणि दोन्ही पटांनी आपला आकडा बरोबर असल्याचे सांगितले.

संमतीपत्राचा प्रश्न

शाळा आणि वसतिगृहे उघडताना पालकांचे लेखी संमतीपत्र आवश्यक करण्यात आले. वसतिगृहात परतणाऱ्यांसाठी चाचणीच्या अहवालाचाही आग्रह होता. आरोग्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. परंतु त्याचा परिणाम काय झाला, याचा विचार व्हावयास हवा. जोयड्याच्या आतल्या भागातील पालकाने कन्नडमध्ये छापलेल्या कागदावर अंगठा वा सही करावयाची, तालुक्याच्या ठिकाणी मुलाला चाचणीसाठी न्यावयाचे, अहवाल येईपर्यंत थांबावयाचे आणि बसची वेळ गाठून त्याला शाळेत पोहोचवावयाचे. यातील प्रत्येक पायरीवर एक दिवसाची मजुरी बुडते. मूल शाळेत आले नाही की 'पालक तयार नाहीत' असा शेरा लिहिला जातो. जबाबदारी शासनाकडून पालकाकडे सरकविणारा हा कागद पुढे संशोधकांच्या हाती पुरावा म्हणून गेला, ही खरी गंमत आहे.

भीती नव्हती असे नाही. २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्र-गोव्याहून परतणाऱ्यांना विलगीकरणात ठेवण्यासाठी कर्नाटकात ठिकठिकाणी शासकीय वसतिगृहे आणि निवासी शाळांच्या इमारती वापरण्यात आल्या. ज्या खोलीत आपल्या मुलाची खाट होती तेथे आजाराचे संशयित ठेवले जात आहेत, हे पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या पालकाच्या मनात त्या इमारतीविषयी धास्ती बसणे स्वाभाविक होते. पुढेही वसतिगृहांतील संसर्गाच्या बातम्या येतच राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यातील देगाव येथील निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. त्यांतील बरेच अमरावती-यवतमाळकडचे होते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कोडगूच्या नवोदय विद्यालयात ३२ विद्यार्थी आणि डिसेंबरमध्ये चिक्कमगळूर जिल्ह्यातील नवोदय विद्यालयात शंभराहून अधिक जण बाधित झाले. बहुतेकांना लक्षणेही नव्हती. पण बातमीत लक्षणे छापली जात नाहीत, आकडा छापला जातो.

तरीही या भीतीने मागणी आटली होती काय? नवोदय विद्यालयांच्या २०२१ च्या सहावी प्रवेश-परीक्षेचे उदाहरण घ्यावे. ती एप्रिलमध्ये व्हावयाची होती, मे महिन्यावर गेली आणि अखेर ११ ऑगस्ट २०२१ रोजी पार पडली. देशभरातील सुमारे ४७ हजार जागांसाठी जवळपास २४ लाख मुलांनी नावे नोंदविली होती, म्हणजे एका जागेमागे पन्नास. महामारीच्या ऐन मध्यावर, दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, देशातील ग्रामीण पालक विनाशुल्क निवासी शाळेच्या दाराशी उभे होते. अर्ज करणे म्हणजे मूल पाठविणे नव्हे, हे खरे. पण पालकांनी मुलांना दूर ठेवण्याची कल्पनाच सोडून दिली, या विधानाला हा आकडा पुरेसा छेद देतो. शुल्क घेणाऱ्या शाळांचे दुखणे बव्हंशी पैशाचे होते. न वापरलेल्या सुविधांचे शुल्क द्यावे की नाही, या वादावर ३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील शाळांच्या खटल्यात १५ टक्के सवलतीचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानेही तेच प्रमाण मानले. हा वाद ज्यांच्या घरचा होता, त्यांच्या अनुभवावरून सर्व देशाच्या 'मागणी'चा निष्कर्ष काढला गेला.

जोयड्याच्या मुलासाठी जिल्ह्याचे नवोदय विद्यालय मुंडगोडला, म्हणजे हल्याळ-यल्लापूर ओलांडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मोरारजी देसाई आणि कित्तूर राणी चन्नम्मा निवासी शाळांची राज्यव्यापी साखळी सहावी ते दहावीसाठी आहे, तिलाही प्रवेश-परीक्षा आहे. आश्रमशाळा आहेत, मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक कल्याण खात्यांची वसतिगृहे आहेत. यांतील प्रत्येक दार एका दाखल्याने उघडते. उत्तर कन्नडमधील सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे हल्याळ-मुंडगोडकडील मुस्लिम सिद्दी असोत, ख्रिस्ती असोत की हिंदू, त्यांच्या मुलांना काही जागा कायद्याने खुल्या झाल्या. त्याच वर्षी सीमेपलीकडे गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप यांनाही तो दर्जा मिळाला. जोयड्याचा कुणबी मात्र कर्नाटकात त्या यादीबाहेर आहे आणि त्यासाठी त्याची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. एकाच अरण्यात, एकाच ओढ्याच्या दोन काठांवर राहणाऱ्या दोन मुलांची वसतिगृहाची 'मागणी' कागदावर वेगवेगळी दिसते, ती त्यांच्या इच्छेमुळे नव्हे. महामारीने हा भेद निर्माण केला नाही. परंतु जागा कमी, अंतर राखण्याचे नियम कडक, अशा वेळी कोणाचे नाव यादीत वर राहिले आणि कोणाचे खाली गेले, हे त्या दाखल्यानेच ठरविले असणार.

प्लेगच्या काळातील धडे

साथ आणि वसतिगृह यांचा संबंध मराठी मुलखाला नवा नाही. आश्चर्य असे की, २०२० नंतरच्या लेखनात या इतिहासाचा उल्लेख अपवादानेच आला. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. त्या कामात राबलेल्या सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगला बळी पडल्या. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले. आज ओळखले जाणारे मुक्तिमिशन तेथे उभे राहिले. धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमालाही प्लेगमुळे पुणे सोडून हिंगण्याच्या माळावर जावे लागले. कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, ती वर्षेही प्लेगचीच होती. राजर्षी शाहूंनी मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले, हे सर्वज्ञात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती १९१९ मध्ये, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथीच्या पाठोपाठ.

यावरून साथीमुळे वसतिगृहे वाढतात असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. कोल्हापूरची बोर्डिंगे जातीय बहिष्काराच्या आणि ब्राह्मणेतर शिक्षणाच्या प्रश्नातून निघाली होती, साथीतून नव्हे. इतिहासातून मिळणारी माहिती अधिक मर्यादित, पण अधिक उपयोगी आहे. त्या काळातील संस्थाचालकांनी साथ आल्यावर मुले घरी पाठवून दारे बंद केली नाहीत. त्यांनी संस्था हलविली. ज्या मुलांना घरच नव्हते, किंवा ज्यांचे घर वसतिगृहापेक्षा अधिक धोक्याचे होते, त्यांना 'घरी जा' म्हणता येत नाही, हे त्यांना कळत होते. २०२० मध्ये मार्चच्या एका परिपत्रकाने सर्वांनाच घरी पाठविण्यात आले. घरी जेवण आहे काय, पडद्याआडची झोपायची जागा आहे काय, मुलीच्या लग्नाची घाई होईल काय, हे कोणी विचारले नाही. शालेय माध्यान्ह भोजनाच्या प्रश्नाची १८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वसतिगृहातील मुलाचे तर दिवसभराचे जेवण गेले होते, पण त्या प्रश्नाला तेवढे मोठे व्यासपीठ मिळाले नाही.

वर्षभराने शासनाला वसतिगृहाची आठवण झाली, ती अनाथ मुलांच्या निमित्ताने. मे २०२१ च्या अखेरीस केंद्राने जाहीर केलेल्या योजनेत आई-वडील गमावलेल्या ११ ते १८ वर्षांच्या मुलांना सैनिक शाळा, नवोदय विद्यालय अशा निवासी शाळांत घेण्याची तरतूद होती. कर्नाटकाच्या बालसेवा योजनेतही दरमहा ३,५०० रुपयांच्या साहाय्याबरोबर निवासी शाळांतील प्रवेशाचा समावेश होता. म्हणजे ज्या महामारीने निवासी शाळा बंद केल्या, तिनेच तिच्या बळींसाठी निवासी शाळा हा उपाय म्हणून पुढे आणला. मागणी घटली की वाढली, या वादात हा विरोधाभास कोणी लक्षात घेतलेला नाही. साथीनंतरच्या दोन-तीन वर्षांत वाढलेल्या अर्जांमध्ये आई किंवा वडील गमावलेल्या, उत्पन्न आटलेल्या कुटुंबांतील मुले किती होती, हे अर्जांची संख्या कधीच सांगणार नाही.

अल्पसंख्याक समाजाच्या संस्थांनीही येथे आपल्याकडे पाहावयास हवे. २००६ च्या सच्चर समितीने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी वाजवी दरातील वसतिगृहांना अग्रक्रम द्यावा, विशेषतः लहान शहरांत मुलींसाठी ती असावीत, असे सुचविले होते. त्यानंतरच्या काळात संस्थांच्या इमारती वाढल्या, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये निघाली. वसतिगृह मात्र बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाचे शेपूट म्हणूनच राहिले. साथीत समाजाने पुष्कळ केले. मे २०२० मध्ये पुण्याच्या आझम कॅम्पसने मशिदीची जागा विलगीकरणासाठी देऊ केली, इचलकरंजीतील मुस्लिम बांधवांनी जकातीच्या पैशातून शासकीय रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला. हे औदार्य रुग्णालयाच्या दाराशी दिसले तेवढे घरी परतलेल्या वसतिगृहवासी मुलांच्या वाट्याला आले असे म्हणता येत नाही. रुग्ण डोळ्यांसमोर असतो. अणशी-उळवीच्या रानात घरी बसलेले मूल डोळ्यांसमोर नसते.

आज ती मुले

जून २०२० मध्ये सहावीत गेलेले मूल २०२५ मध्ये दहावी झाले. त्याच्याहून दोन-चार वर्षे मोठी असलेली मुले सामुदायिक महाविद्यालयांच्या आणि अल्पमुदतीच्या व्यवसाय-अभ्यासक्रमांच्या वर्गांत बसून बाहेरही पडली. २०२१ ची कर्नाटकातील दहावीची परीक्षा १९ आणि २२ जुलै या दोन दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांनी उरकण्यात आली आणि जवळजवळ सर्वांना उत्तीर्ण करण्यात आले. खालचे वर्ग परीक्षेविना पुढे गेले. त्यामुळे गुणपत्रिकेवरून या विद्यार्थ्यांतील अंतर कळत नाही. वीजजोडणीच्या किंवा शिवणकामाच्या वर्गात एखादा विद्यार्थी मापे घेतो, हाताने काम उत्तम करतो, पण सूचना-पत्रक वाचताना अडखळतो किंवा शेकडेवारी मांडताना गोंधळतो, तेव्हा शिक्षक त्याला सर्रास 'कच्चा' ठरवितात. त्याची दीड-दोन वर्षे कोठे आणि कोणत्या भाषेत गेली, हे विचारले जात नाही.

सध्या महाविद्यालयांच्या प्रवेश-अर्जात शेवटच्या शाळेचे नाव, माध्यम, गुण, जात व उत्पन्न यांचे रकाने असतात. विद्यार्थी शाळेत असताना घरी राहत होता की वसतिगृहात, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. तो रकाना आणि त्याच्या शेजारी '२०२० व २०२१ मध्ये कोठे होता' हा दुसरा, एवढे दोन प्रश्न जोयडा, हल्याळ, खानापूर या पट्ट्यातून विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयांनी तीन-चार वर्षे विचारले, तर वसतिगृहाच्या मागणीविषयी आजवर झालेल्या सर्व अनुमानांपेक्षा अधिक विश्वसनीय सामग्री हाती येईल. त्यासाठी अनुदान लागणार नाही. २०२० मध्ये पहिलीत असलेली मुले २०३० मध्ये दहावी होतील, तोवर हे दोन रकाने उपयोगी पडत राहतील.